नियम सांगा, कारण नको

भूत बोलायला लागलं की माझी भीती संपते. घाबरवण्यापुरतं बोललं तर हरकत नाही. पण आपण भूत कसे झालो, कोणामुळे झालो, कोणत्या साली झालो याची हकिकत ते सांगू लागलं की मी खुर्चीत सैलावून बसतो. पुढचं सगळं कळलेलं असतं. आता कुठेतरी हाडं सापडतील, कोणीतरी माफी मागेल आणि निदान दुसरा भाग येईपर्यंत तरी घर शांत होईल.

गेले काही महिने थरारपट, भयपट आणि समीक्षक ज्यांना अतिवास्तववादी म्हणतात ते स्वप्नासारखे चित्रपट असं सगळं मिसळून पाहतो आहे. काही अगदी नवे, काही पुन्हा काढून पाहिलेले. ओटीटीवर हे तीन वेगळे कप्पे असतात. पाहताना मात्र तिन्हींत एकच पेच दिसतो: प्रेक्षकाला किती सांगायचं? थरारपट पहिल्या दृश्यातच उलगड्याचं वचन देऊन बसलेला असतो. भयपट उलगड्याला बिचकतो, पण शेवटच्या अर्ध्या तासात त्याचा धीर सुटतो आणि तो सगळं ओकून टाकतो. अतिवास्तव चित्रपट उलगडा देतच नाही. कधीकधी त्याच्याकडे द्यायला काही नसतंही.

या पाहण्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ‘का घडतं’ आणि ‘कसं घडतं’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भीतीला नियम लागतात. काय केलं की संकट येतं, किती दिवसांत येतं, कशाने टळतं, हे जितकं स्पष्ट तितकी भीती घट्ट. कारणाचं मात्र उलटं आहे. ते कळलं की भीतीचं रूपांतर माहितीत होतं. (इथून पुढे बरीच गुपितं फुटणार आहेत. ती न फोडता या विषयावर लिहिता येत नाही.)

हे मत सगळ्यात स्वच्छ मांडणारा चित्रपट समीक्षकाने नव्हे, एका जपानी दिग्दर्शकाने १९९८ मध्येच करून ठेवला आहे. कोजी सुझुकींच्या कादंबरीवरचा हिदेओ नाकाता यांचा ‘रिंग’. एक व्हिडिओ कॅसेट पाहिली की सात दिवसांनी माणूस मरतो, एवढा नियम. कॅसेट पाहून बसलेली पत्रकार रेइको आणि तिचा घटस्फोटित नवरा र्युजी कारणाच्या शोधात निघतात. सादाको नावाची मुलगी, तिच्यावर झालेला अन्याय, ती विहीर. ते विहीर उपसतात, सादाकोचे अवशेष बाहेर काढतात, रेइको ते कवटाळून बसते. तिची मुदत उलटून जाते आणि ती जिवंत राहते. नेहमीचा भयपट इथे संपला असता. पण दुसऱ्या दिवशी र्युजीच्या घरातला टीव्ही आपोआप सुरू होतो, सादाको पडद्यातून बाहेर सरपटत येते आणि तो मरतो. कारण शोधून काढल्याचा काडीइतका उपयोग झालेला नाही. रेइको वाचली ती सादाकोला न्याय मिळाला म्हणून नाही, तर तिने त्या कॅसेटची नक्कल करून दुसऱ्याला दाखवली होती म्हणून. आपण दीड तास ज्याला उलगडा समजत होतो तो या भुताच्या लेखी गैरलागू होता. शेवटी रेइको मुलाला वाचवण्यासाठी गाडीत बसून आपल्या वडिलांच्या घराकडे निघते, आणि ती तिथे काय करणार आहे हे आपल्याला नियमामुळे कळतं. कोणी समजावून सांगत नाही.

डेव्हिड रॉबर्ट मिशेलचा ‘इट फॉलोज’ (२०१४) याच घराण्यातला. शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जाणारं काहीतरी तुमच्या मागे लागतं. ते धावत नाही, चालत येतं. कोणाचंही रूप घेतं. तुम्हाला मारलं की आधीच्याकडे वळतं. ते कुठून आलं, पहिला बळी कोण, याबद्दल चकार शब्द नाही. परिणाम असा की दृश्याच्या मागच्या बाजूला रस्ता ओलांडणारा प्रत्येक माणूस आपण तपासत बसतो. दिग्दर्शकाने आपल्याला नियम दिला आणि घाबरण्याचं काम आपल्यावरच सोपवलं.

याच चित्रपटाची नायिका मायका मन्रो दहा वर्षांनी ‘लाँगलेग्ज’ (२०२४) मध्ये एफबीआयची अधिकारी झाली आहे. ऑझगुड पर्किन्सच्या या चित्रपटाचा पहिला तास मला फार आवडला. चौकटीच्या मधोमध माणूस आणि दोन्ही बाजूंना विनाकारण मोकळी जागा, दारं उघडी, निकोलस केजचा चेहरा मुद्दाम अर्धाच दाखवलेला. आपापल्या घरच्या माणसांना मारून स्वतःला संपवणारे बाप, आणि त्या घरांत बाहेरचा माणूस पाऊलही न ठेवता सापडणारी चिठ्ठी. एवढ्यावर मी रात्रभर जागलो असतो. मग नायिकेची आई सगळं सविस्तर सांगते. बाहुल्या, त्यांच्या डोक्यातला गोळा, सैतानाशी झालेला करार, कोण कुठे राहत होतं तेसुद्धा. सांगून झाल्यावर कळतं की आपण ज्याला घाबरत होतो ती मोकळी जागा होती. तिच्यात बाहुली आणून ठेवल्यावर जागा भरली आणि भीती गेली.

जॉर्डन पीलच्या ‘अस’ (२०१९) मध्येही हेच होतं, फक्त जास्त हळहळ वाटायला लावणाऱ्या पद्धतीने. रात्री घरासमोर एक कुटुंब हातात हात घालून उभं आहे आणि ते कुटुंब म्हणजे आपणच, ही कल्पना अशी आहे की तिला पुढे काही जोडायची गरज नव्हती. पण शेवटी भुयारं येतात, फसलेला प्रयोग येतो, आणि एका वर्गात फळ्यासमोर उभं राहून दिलेलं व्याख्यान येतं. कारण सांगितलं की प्रेक्षक हिशेब मागतो. इतकी वर्षं ती माणसं कच्च्या सशांवर कशी जगली? इतके लाल कपडे कोणी शिवले? भीतीत बुडालेल्या माणसाला असले प्रश्न सुचत नाहीत. तेच व्याख्यान ऐकून आलेल्याला दुसरं काही सुचत नाही.

इथे प्रामाणिकपणे एक अपवाद नोंदवला पाहिजे, आणि तोही पीलचाच आहे. ‘गेट आउट’ (२०१७) मध्ये उलगडा पूर्ण होतो, तपशिलासह होतो, आणि भीती वाढते. गोऱ्या प्रेयसीच्या माहेरी गेलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला सुरुवातीपासून जे थोडंसं विचित्र वाटत होतं, ते अति गोड बोलणं, ती शरीराची चौकशी, त्या सगळ्याचा अर्थ शेवटी लागतो, आणि तो अर्थ अमेरिकेच्या इतिहासात आधीच घडून गेलेला आहे. माणसाच्या शरीराचा लिलाव ही तिथे कल्पना नाही. कारण स्वतःच खरं असेल तर ते सांगितल्याने भीती कमी होत नाही. पण असं कारण दर चित्रपटाला मिळत नाही.

थरारपटवाले म्हणतील, तुमचं हे भुतांपुरतं ठीक आहे. आम्हाला खुनी दाखवावाच लागतो. हिचकॉकलाही ‘सायको’च्या (१९६०) शेवटी मानसोपचारतज्ज्ञ आणून उभा करावा लागला. तो काही मिनिटं बोलतो, आई-मुलाचं नातं समजावतो, आणि तेवढा भाग त्या चित्रपटात आजही सर्वांत शिळा वाटतो. पण हिचकॉक तिथे थांबत नाही. लगेच पुढे तो आपल्याला खुनी नॉर्मनच्या कोठडीत नेतो. घोंगडं पांघरून बसलेला नॉर्मन, डोक्यात आईचा आवाज, आणि हसू पसरत असताना चेहऱ्यावर क्षणभर उमटून गेलेली कवटी. डॉक्टरांनी दिलेलं सगळं स्पष्टीकरण त्या हसण्यापुढे टिकत नाही. ते व्याख्यान मला हल्ली मुद्दाम ठेवलेलं वाटतं. ते कमी पडतं हे दाखवण्यासाठी.

त्याआधी दोन वर्षं त्याने ‘व्हर्टिगो’ केला होता. मूळ फ्रेंच कादंबरीत रहस्य शेवटपर्यंत राखलेलं आहे. हिचकॉकने ते बरंच आधी प्रेक्षकाला सांगून टाकलं. नायकाला मात्र नाही. मेलेल्या स्त्रीसारखी दिसणारी दुसरी त्याला भेटते, आणि ती तीच आहे हे आपल्याला माहीत असताना तो तिला पहिलीसारखे कपडे, पहिलीसारखे केस करायला लावतो. कोड्याचं उत्तर हातात आहे आणि तरी पाहवत नाही. याच्या शेजारी मी मुद्दाम राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) ठेवून पाहिला. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट राज खोसलांनी ‘मेरा साया’ म्हणून हिंदीत नेला. इथेही मेलेली बायको परत येते, तीही आरोपी म्हणून, आणि मीच तुमची पत्नी असं ठामपणे सांगते. हे सुरुवातीचं संकट ‘व्हर्टिगो’च्या तोडीचं आहे. मराठी चित्रपटाने ते जुळ्या बहिणीच्या मदतीने सोडवलं. सगळे धागे जुळतात, कोर्टाचं समाधान होतं, आणि आपल्याच माणसाकडे पाहून ‘ही कोण?’ असं वाटण्याची ती भयंकर शक्यता मात्र फाइलबंद होते. चित्रपट आजही खिळवून ठेवतो. डोक्यात घर करतो तो मात्र त्याचा पहिला तास.

खुनी न दाखवता थरारपट करता येतो का? येतो, आणि त्याला पुढे खुनी सापडला तरी धक्का लागत नाही. बोंग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) दक्षिण कोरियातल्या ह्वासॉंग भागात १९८६ ते १९९१ दरम्यान झालेल्या स्त्रियांच्या हत्यांवर आहे. चित्रपट आला तेव्हा गुन्हेगार अज्ञात होता. खेड्यातला पोलीस डोळ्यांत पाहून माणूस ओळखतो असं म्हणणारा, राजधानीतून आलेला पोलीस कागदांवर विश्वास ठेवणारा. शेवटी दोघंही आपापली श्रद्धा गमावून बसतात. नियम मात्र लख्ख आहे: पाऊस, रेडिओवर लागलेलं ठरावीक गाणं, लाल कपडे. ते गाणं लागलं आणि बाहेर पाऊस असला की आपल्याच पोटात गोळा येतो. अखेरच्या दृश्यात बऱ्याच वर्षांनी तो खेड्यातला पोलीस पहिल्या प्रेताच्या जागी परत येतो. एक लहान मुलगी सांगते की काही दिवसांपूर्वी आणखी एक माणूस इथे डोकावून गेला, अगदी साध्या चेहऱ्याचा. त्या पोलिसाच्या भूमिकेतला सॉंग कांग-हो वळून थेट कॅमेऱ्यात पाहतो. २०१९ मध्ये डीएनए तपासणीतून खरा गुन्हेगार कळला. तो दुसऱ्या खुनासाठी कधीपासूनच तुरुंगात होता. मी हे सगळं माहीत असताना चित्रपट पुन्हा पाहिला. काहीही बिघडलेलं नाही. साधा चेहरा हे उत्तर नावाने बदलत नाही.

कोरियातलाच ना होंग-जिन यांचा ‘द वेलिंग’ (२०१६) माझ्या मताला एक पायरी पुढे नेतो. डोंगरातल्या खेड्यात लोक अंगावर पुरळ येऊन वेडे होतात आणि घरच्यांना मारतात. पोलिसाच्या लहान मुलीला लागण होते. एक परका जपानी म्हातारा, एक महागडा भगत, एक पांढऱ्या कपड्यातली बाई. तिघांपैकी कोण मारक आणि कोण तारक ते कळत नाही. मध्यावर भगताचा एक प्रचंड विधी आहे, ढोल, आग, खिळे, आणि त्याच वेळी दुसरीकडे म्हाताऱ्याचाही विधी चालू आहे. आपण समजतो हे दोघं एकमेकांशी लढताहेत. तसं आहे का, हे नंतर पुन्हा पाहताना डळमळतं. शेवटी ती बाई पोलिसाला नियम सांगते: कोंबडा तीनदा आरवेपर्यंत घरात पाऊल टाकू नकोस. नियम स्वच्छ आहे. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही तेवढंच कळत नाही. फोनवर भगत नेमकं उलट सांगतो आहे. त्या गल्लीत उभ्या बापाची जी अवस्था होते तिच्यासाठी हा अडीच तासांचा चित्रपट आहे, आणि मला त्यातलं एक मिनिटही कमी नको आहे.

कियोशी कुरोसावा यांना तर नियमसुद्धा पुरेसा सांगायचा नसतो. (अकिरा कुरोसावांशी त्यांचं नातं नाही.) ‘क्युअर’ (१९९७) मध्ये साधी माणसं जवळच्यांना मारून गळ्यावर फुलीसारखी खूण करतात आणि का केलं ते त्यांनाच सांगता येत नाही. सगळ्यांना आधी एक विसराळू तरुण भेटून गेलेला असतो, जो फक्त ‘तू कोण आहेस?’ असं विचारत राहतो. हा लाँगलेग्जसारखा किंचाळत नाही. खोलीत पाणी सांडतं, लायटर पेटतो, बस्स. त्यांच्या पंचेचाळीस मिनिटांच्या ‘चाइम’मध्ये (२०२४) स्वयंपाकाच्या वर्गातला एक विद्यार्थी आपल्याला घंटेसारखा नाद ऐकू येतो म्हणतो. पुढे जे होतं ते सुऱ्या, चॉपिंग बोर्ड आणि सोललेली कोंबडी यांच्या शेजारी, भर उजेडात होतं. एवढ्या स्वच्छ, पांढऱ्या खोलीत इतकं अस्वस्थ मला क्वचितच वाटलं आहे.

मग ‘तुंबाड’. २०१८ मध्ये आला तेव्हा बेताचा चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. राही अनिल बर्वे यांच्या डोक्यात तो नव्वदच्या दशकापासून होता. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मधून घेतलेलं, साखळदंडातल्या आजीचा प्रसंग नारायण धारपांच्या कथेवरून, आणि ती धारपांची कथा स्टीफन किंगच्या कथेवरून आलेली. कोकणातला वाडा, सतत पाऊस, पंकज कुमार यांचा तो कुजकट हिरवट उजेड, आणि भाषा मात्र हिंदी. याची चुटपुट मला दर वेळी लागते.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. कोणी म्हणेल, ‘तुंबाड’ तर सुरुवातीलाच सगळं सांगतो. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर, त्याला सोनं मिळालं, अन्न नाकारलं गेलं. हे कारण नाही का? मला वाटतं, नाही. ही दंतकथा मानसशास्त्र सांगत नाही, अटी सांगते. हस्तर कायमचा भुकेला आहे. त्याला पिठाचं वावडं आहे आणि पिठाचाच मोह आहे. म्हणून पिठाचं रिंगण आखलं की आत सुरक्षित. कणकेची बाहुली पुढे टाकली की तो ती खायला लागतो आणि तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून मोहरा ओढता येतात. त्याचा हात लागला तर मरणही मिळत नाही. या चार-पाच अटींवर अख्खा चित्रपट उभा आहे. चित्रपटाचा नायक विनायक दर वेळी मूठभर मोहरा आणतो. त्याला पक्कं ठाऊक आहे की लोभ जरा वाढला तर जीव जाईल, म्हणून तो बेताने लोभ करतो, एखाद्या काटकसरी कारकुनासारखा. मग त्याचा मुलगा पांडुरंग एक अतिशय तर्कशुद्ध कल्पना काढतो: एकेक मोहर कशाला, जास्त बाहुल्या नेऊन अख्खा लंगोटच आणू. पोराचं गणित चुकत नाही. नियमच तो आहे की जितक्या बाहुल्या तितके हस्तर. भिंतीवरून ते एकामागून एक उतरू लागतात तेव्हा अंगावर काटा येतो तो आकृत्यांमुळे नाही. हे आपल्याला आधीच कळायला हवं होतं, नियम तर पहिल्यापासून आपल्यासमोर होता, या जाणिवेने येतो. हिंदीत इतकी घट्ट बांधलेली भयकथा मी दुसरी पाहिलेली नाही.

राहुल सदाशिवन यांचा मल्याळम ‘भ्रमयुगम्’ (२०२४) हा त्याचा कृष्णधवल चुलतभाऊ म्हणता येईल. सतराव्या शतकातला मलबार, पडका वाडा, मामुट्टींचा म्हातारा पोट्टी, आणि फाशांचा खेळ, ज्यात हरलं तर पैशाऐवजी वेळ द्यायचा. आयुष्यातला वेळ. ही अट ऐकल्यावर पुढे राक्षस दाखवायचीही गरज उरत नाही. चित्रपट पुढे उलगडा करतो आणि तो थोडा लांबतो. पण तिथे प्रश्न भूत कोण हा नसून त्या आसनावर आता कोण बसणार असा होतो, म्हणून चालून जातं.

मल्याळम चित्रपटांचा विषय निघाला की ‘मणिचित्रताळू’ (१९९३) टाळता येत नाही. फाझिल यांच्या या चित्रपटाने कारण पूर्णपणे वैद्यकीय ठेवलं: गंगा ही भुताने झपाटलेली नाही, दुभंगलेल्या मनाची आहे. शोभनाला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मोहनलालचा डॉक्टर निदान करतो, पण उपचार मात्र गंगा स्वतःला जी नागवल्ली समजते तिच्या नियमाने करतो. तिला सूड हवा आहे ना? मग फिरत्या फळीवर माणसाऐवजी पुतळा ठेवून तिला तो घेऊ द्या. शास्त्राने कारण ओळखलं आणि मंत्रविधीने नियम पाळला. दोघांनी एकमेकांचं तोंड बंद केलं नाही. प्रियदर्शन यांनी त्याचा २००७ मध्ये ‘भूलभुलैया’ केला तेव्हा हा तोल बऱ्यापैकी राखला होता. २०२२ च्या दुसऱ्या भागात सरळ खरंच भूत आलं. पंधरा वर्षांत आपली बुद्धी मागे गेली असं कोणी म्हणतात. मला तेवढं वाटत नाही. भूत खरं की खोटं यावर चित्रपटाची उंची ठरत नसते. नाचगाण्यांच्या मधे त्या भुताला काही नियमच उरला नाही, तक्रार एवढीच आहे.

आता अतिवास्तव चित्रपट. यांना कारण नको, नियमही नको, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे हे लुई ब्युन्युएलच्या पहिल्याच लघुपटात दिसतं. ‘अँ शियाँ आंदालू’ (१९२९) लिहिताना त्याने आणि साल्वादोर दालीने एक नियम केला होता: ज्या प्रतिमेचं तर्काने स्पष्टीकरण देता येईल ती घ्यायची नाही. म्हणजे बेबंदपणाही नियमाने आलेला. त्याच्या ‘द एक्स्टर्मिनेटिंग एंजल’ (१९६२) मध्ये उंची जेवणावळ संपते आणि पाहुण्यांना दिवाणखान्याबाहेर पडताच येत नाही. दार उघडं आहे. कोणी अडवलेलं नाही. दिवसचे दिवस जातात, पाण्यासाठी भिंत फोडतात, सभ्यता गळून पडते. कारण शेवटपर्यंत कळत नाही; सुटका मात्र एका नियमाने होते. सगळे पहिल्या रात्री जिथे होते नेमके तिथेच आहेत हे लक्षात येतं आणि ते तेच बोलणं पुन्हा बोलतात. कोकणात चकवा लागलेला माणूस रात्रभर त्याच झाडाभोवती फिरतो, आणि त्याने उजाडेपर्यंत होता तिथे बसून राहावं असं जुनी माणसं सांगतात. ब्युन्युएलला हा उपाय नक्की पटला असता.

डेव्हिड लिंच जानेवारी २०२५ मध्ये गेले, त्यानंतर त्यांचे चित्रपट पुन्हा पाहणाऱ्यांत मीही होतो. ‘इरेझरहेड’मधलं (१९७७) ते बाळ कसं बनवलं हे त्यांनी जन्मभर सांगितलं नाही. ‘ट्विन पीक्स’ या मालिकेत लॉरा पामरला कोणी मारलं हे त्यांना सांगायचंच नव्हतं. वाहिनीच्या दबावाखाली दुसऱ्या पर्वात खुनी उघड करावा लागला, प्रेक्षक पांगले आणि १९९१ मध्ये मालिका बंद पडली. ज्यांनी उत्तर मागितलं तेच उत्तर मिळाल्यावर उठून गेले. ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ (२००१) तर वाहिनीने नाकारलेल्या मालिकेच्या पहिल्या भागातून, फ्रेंच पैशावर उभा राहिला. त्यात उपाहारगृहातला एक प्रसंग आहे. एक माणूस दुसऱ्याला आपलं स्वप्न सांगतो: तू तिथे काउंटरजवळ उभा असतोस, या जागेच्या मागे एक जण असतो, त्याचा चेहरा मला जागेपणी कधी दिसू नये. मग दुसरा उठतो आणि नेमका तिथेच जाऊन उभा राहतो. दोघं बाहेर पडतात, भर दुपारी, पायऱ्या उतरून मागच्या भिंतीकडे चालू लागतात. काय होणार ते आपल्याला अक्षरशः सांगितलेलं आहे आणि तेच होतं. मी जाणतो की अमुक क्षणी तो चेहरा येणार, आणि दर वेळी दचकतो. स्वप्नाचा नियम आधी सांगून तो शब्दशः पाळण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

उलट ‘स्किनामरिंक’ (२०२२). काइल एडवर्ड बॉल याने सुमारे पंधरा हजार डॉलरांत, आईवडिलांच्या घरी केलेला चित्रपट, म्हणून कौतुक आहेच. दोन लहान मुलं रात्री उठतात, वडील नाहीत, दारं-खिडक्या नाहीशा होत आहेत. अंधारात दाणेदार चित्र, छत, गालिचा, टीव्हीचा उजेड. पहिली वीस मिनिटं मी पाय जवळ घेऊन बसलो होतो. पण पुढे त्या घराला काहीच नियम नाही, काहीही केव्हाही होऊ शकतं, आणि काहीही होऊ शकतं म्हटल्यावर कशाचीच वाट पाहावीशी वाटत नाही. ॲरी ॲस्टरच्या ‘बो इज अफ्रेड’मध्ये (२०२३) तीन तासांच्या पसाऱ्यात मला हाच थकवा आला, त्याच्या ‘हेरेडिटरी’तल्या (२०१८) घट्ट विणीची सारखी आठवण येत राहिली. न सांगणं ही आता फॅशनही झाली आहे. दिग्दर्शकाला माहीत असून तो सांगत नाही, की त्यालाच माहीत नाही, हा फरक पडद्यावर दिसतो.

लिजो जोस पेल्लिशेरी यांच्या ‘नन्पकल नेरत्तु मयक्कम’मध्ये (२०२२) हा फरक लगेच कळतो. वेलांकन्नीहून केरळकडे परतणारी बस, दुपारची झोप, आणि जागा झालेला जेम्स मधेच उतरून एका तमिळ खेड्यात चालत जातो. एका घरात शिरतो, तिथल्या बेपत्ता सुंदरमचे कपडे घालतो, अस्खलित तमिळ बोलतो, त्याचं रोजचं काम करायला निघतो. घरचे चक्रावतात, बसमधले हादरतात. भूतबाधा? पुनर्जन्म? चित्रपट कोणताही शब्द वापरत नाही. पण त्या एका दिवसापुरता त्याचा नियम अढळ आहे: जेम्स हा पूर्णपणे सुंदरम आहे, नाटक करत नाही, चुकत नाही. मामुट्टींचा अभिनय त्या नियमाला जराही धक्का लावत नाही. इथे भीती नाही म्हणाल तर नाही. परक्याच्या अंगणात आपला नवरा फिरताना पाहणाऱ्या जेम्सच्या बायकोच्या चेहऱ्यावर मात्र ती आहे.

मराठीत काय? १९७६ चा ‘हा खेळ सावल्यांचा’ आपण गाण्यांसाठी लक्षात ठेवला, नरसूच्या भुतासाठी कमी. आपल्या मध्यमवर्गाला भूत मनात असलेलं बरं वाटतं. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (२०१७) निराळं धाडस केलं. वाडा नाही, वटवाघळं नाहीत. उन्हात उभा असलेला ऊस, आणि त्यात लपाछपी खेळणारी मुलं. उसाच्या फडात दोन हातांवरचं दिसत नाही हे ज्याने फड पाहिला त्याला सांगायला नको. पुढे स्त्रीभ्रूणहत्येचा विषय येतो आणि भयाच्या जागी प्रबोधन बसतं. विषय खरा आहे, ‘गेट आउट’सारखाच खरा, पण पीलने जे प्रसंगातून उगवू दिलं ते इथे वरून ठेवल्यासारखं वाटतं. तरी त्यावरून हिंदीत निघालेल्या ‘छोरी’पेक्षा मला मूळच जास्त लागू पडलं.

आणि ‘मुंज्या’ (२०२४). आदित्य सरपोतदार यांनी कोकणातला मुंजा हिंदीत आणला. आपल्याकडच्या भुतांचं वैशिष्ट्य असं की ती नियमांची पक्की असतात. मुंजा पिंपळावरच, मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगाच. वेताळ, खवीस, ब्रह्मसमंध, प्रत्येकाची जागा आणि अट ठरलेली. भयकथेला याहून तयार सामान कोणाकडे आहे? ‘स्त्री’ (२०१८) मधली भिंतीवर ‘उद्या ये’ असं लिहिण्याची युक्ती कर्नाटकातल्या लोकसमजुतीतून आली, आणि अख्ख्या चित्रपटात तेवढंच लोकांच्या तोंडी राहिलं. पण हे सगळे चित्रपट आता एकाच ‘विश्वा’त जोडले गेले आहेत. विश्व म्हटलं की एकाचं भूत दुसऱ्याच्या चित्रपटात जातं, त्याची ओळख करून द्यावी लागते, मागची गोष्ट सांगावी लागते, मग तिचा वेगळा भाग निघतो. ‘एलियन’चा ‘प्रोमिथिअस’ असाच झाला, हॅनिबल लेक्टरचं बालपण असंच दाखवलं गेलं. कारणाला बाजारभाव आहे. नियम एकदाच विकता येतो.

पुन्हा प्रदर्शनाच्या यशानंतर ‘तुंबाड’च्याही दुसऱ्या भागाची घोषणा झाली आहे. मी तो पहिल्या दिवशी पाहणार, यात शंका नाही. नवे वाडे दाखवा, नवी माणसं दाखवा, हवं तर लोभाची नवी तऱ्हा दाखवा. हस्तरला लहानपणी कोणी जेवायला वाढलं नाही आणि त्याने त्याला किती दुःख झालं, एवढं मात्र कृपा करून फ्लॅशबॅकमध्ये घालू नका.